विश्लेषण : मोबाइलच्या पडद्यावरील रंग मोजायचा कसा? मॅक्सवेल यांना भोवऱ्यातून उत्तर कसे सापडले?

फोनवर पाहून मागवलेली राणी रंगाची साडी घरी आल्यावर वेगळीच दिसते. त्याच साडीचे छायाचित्र दोन फोनवर शेजारी शेजारी ठेवले, तर रंगही दोन दिसतात. यातला खरा रंग कोणता, हे ठरवायचे तर आधी रंग मोजता यायला हवा. लांबी फुटपट्टीने मोजतात, वजन तराजूने. रंगाचे मोजमाप कशाने करायचे? या प्रश्नाला प्रयोगाचे आणि आकड्यांचे भक्कम उत्तर दिले ते स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१-१८७९) यांनी. विद्युतचुंबकीय लहरींच्या सिद्धान्तामुळे त्यांचे नाव न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या पंक्तीत घेतले जाते. मात्र फोन, टीव्ही आणि संगणकाचा प्रत्येक पडदा आजही त्यांच्या रंगांच्या हिशेबावर चालतो, हे फारसे सांगितले जात नाही.

पडद्यावर पिवळा रंग असतो का?

हळदीचे छायाचित्र उघडून फोनचा पडदा भिंगातून पाहिला, तर पिवळा ठिपका एकही सापडत नाही. दिसतात ते लाल, हिरवे आणि निळे ठिपके. लाल आणि हिरवा एकत्र पेटले, की डोळ्याला पिवळा दिसतो. तिन्ही योग्य प्रमाणात पेटले, की पांढरा. म्हणजे पडदा हळदीचा प्रकाश जसाच्या तसा पाठवत नाही; हळद पाहताना डोळ्यात जी संवेदना उमटते, तीच तो तीन रंगांच्या मिश्रणातून उमटवतो. अशी जुळवणी शक्य आहे, ती कोणत्या प्रमाणात करायची आणि ती आकड्यांत कशी मांडायची, हे मॅक्सवेल यांनी विशीत आणि तिशीच्या उंबरठ्यावर शोधून काढले.

मॅक्सवेल कोण होते?

१३ जून १८३१ रोजी एडिनबरा येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन वकील होते. पण त्यांचे मन रमत असे ते यंत्रांत आणि दक्षिण स्कॉटलंडमधील ग्लेनलेअर येथील शेतीवाडीत. जेम्स यांचे बालपण तिथेच गेले. दिसेल ती वस्तू कशी चालते, हे विचारून मोठ्यांना भंडावून सोडायची त्यांची सवय होती. एखादा दगड निळा आहे असे कुणी सांगितले, तर तो निळा आहे हे कशावरून, असा त्यांचा पुढचा प्रश्न असे, अशी आठवण त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे.

ते आठ वर्षांचे असताना आई फ्रान्सिस यांचे पोटाच्या कर्करोगाने निधन झाले.  दहाव्या वर्षी त्यांना एडिनबरातील शाळेत घातले गेले. खेड्यातले उच्चार आणि घरी शिवलेले कपडे यांमुळे मुलांनी त्यांना खुळा ठरवून तसेच टोपणनाव दिले. याच मुलाने १४व्या वर्षी लंबवर्तुळासारख्या वक्ररेषांवर निबंध लिहिला. एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे तो मांडण्यास त्यांचे वय लहान मानले गेले. त्यामुळे १८४६ मध्ये प्राध्यापक जेम्स फोर्ब्स यांनी तो वाचून दाखवला. हेच फोर्ब्स त्यांना रंगांकडे घेऊन आले.

रंगांच्या अभ्यासाकडे ते कसे वळले?

एडिनबरा विद्यापीठात शिकताना, १८४९च्या सुमारास, मॅक्सवेल फोर्ब्स यांच्या प्रयोगांत मदत करू लागले. रंगीत कागदाचे तुकडे चकतीवर लावायचे आणि चकती वेगाने फिरवायची. डोळा तुकडे वेगवेगळे पाहू शकत नाही, त्यामुळे रंग मिसळलेले दिसतात. चित्रकार पिवळ्यात निळा कालवून हिरवा करतात, तसाच हिरवा इथेही दिसायला हवा होता. प्रत्यक्षात चकतीवर हिरवा आलाच नाही. गुलाबीकडे झुकणारी राखाडी छटा दिसली.

कारण असे, की रंगद्रव्ये मिसळली की प्रत्येक द्रव्य प्रकाशातला काही भाग गिळते आणि दोघांनी न गिळलेला प्रकाशच डोळ्यापर्यंत येतो. फिरत्या चकतीवर मात्र दोन्ही प्रकाशांची बेरीज होते. छापील वृत्तपत्रात पहिला नियम चालतो, तर फोनवर दुसरा. प्रकाशांची बेरीज आणि रंगांची वजाबाकी यांतला हा फरक जर्मनीतील हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ मध्ये स्पष्ट केला. पुढच्याच वर्षी हर्मन ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने रंगमिश्रणाचे नियम मांडले. ऋग्वेदाचा शब्दकोश रचणारे ग्रासमान ते हेच. नियम कागदावर आले होते. ते आकड्यांनिशी पडताळून पाहायचे काम बाकी होते.

भोवऱ्याने रंग मोजला कसा?

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८५४ मध्ये पदवी घेतल्यावर मॅक्सवेल यांनी ही चकती सुधारून तिचे मोजण्याचे साधन केले. त्यांच्या भोवऱ्यावर हिंगुळी लाल, पाचूसारख्या हिरव्या आणि गडद निळ्या कागदाच्या चकत्या असत. प्रत्येक चकतीला मध्यापासून कडेपर्यंत एक चीर दिलेली असे. त्यामुळे चकत्या एकमेकींत सरकवून कोणता रंग किती दिसू द्यायचा, हे ठरवता येई. आतल्या बाजूला काळ्या आणि पांढऱ्या कागदाच्या लहान चकत्या असत. कडेला १०० भागांची मोजपट्टी होती.

भोवरा फिरवायचा, बाहेरचे वलय आणि आतले वर्तुळ पाहायचे, फरक दिसला तर थांबवून चकत्या सरकवायच्या आणि पुन्हा फिरवायचा. दोन्ही हुबेहूब सारखे दिसले, की पट्टीवरचे आकडे लिहून घ्यायचे. अशाच एका जुळणीत बाहेर लाल ३७, निळा २७ आणि हिरवा ३६ भाग होते. आत पांढरा २८ आणि काळा ७२. रंगांचे हे चक्क समीकरण होते.

यातली खरी युक्ती डोळ्याला कोणता प्रश्न विचारायचा, यात आहे. हा लाल किती लाल आहे, असे विचारले तर दोन माणसे दोन उत्तरे देतील. शेजारचे दोन रंग सारखे आहेत की नाहीत, असे विचारले तर डोळा कमालीचा काटेकोर ठरतो. तराजूलाही वजन कळत नाही. दोन पारडी समान झाली एवढेच कळते. मॅक्सवेल यांनी डोळ्याचा वापर तराजूसारखा केला. मार्च १८५५ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, त्यांनी हे प्रयोग एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. हातात तो भोवरा घेतलेले तरुण मॅक्सवेल यांचे छायाचित्र याच काळातले आहे.

रंगांधळेपणाबद्दल काय उमगले?

डोळ्यात तीन प्रकारचे संवेदक असावेत, असा तर्क इंग्लंडचे थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये केला होता. मॅक्सवेल यांनी रंगांधळ्या व्यक्तींना भोवऱ्यासमोर बसवले. सामान्य नजरेला कोणताही रंग जुळवण्यासाठी तीन रंग लागत होते. या व्यक्तींना दोनच पुरत. म्हणजे तिघांपैकी एक संवेदना त्यांच्याकडे नव्हती. यंग यांचा तर्क आता मोजलेल्या आकड्यांवर उभा राहिला. रंग हा केवळ वस्तूचा किंवा प्रकाशाचा गुण नाही, त्याचा अर्धा हिशेब पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो, हेही स्पष्ट झाले.

काळ्या पेटीत काय होते?

१८५६ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी मॅक्सवेल ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथल्या प्राचार्यांची कन्या कॅथरीन मेरी ड्युअर यांच्याशी १८५८ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्या पतीपेक्षा सात वर्षांनी मोठ्या होत्या.

कागदाच्या रंगाला एक मर्यादा होती. कागद बदलला, जुना झाला की आकडे बदलणार. म्हणून मॅक्सवेल थेट सूर्यप्रकाशाकडे वळले. त्यांनी एक लांब काळी पेटी तयार केली. एका टोकाला तीन फटी, आत लोलक आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावण्याची जागा. फटींची जागा बदलली की वर्णपटातला हवा तो रंग आत येई. फट रुंद-अरुंद केली की त्याचे प्रमाण बदले. या मिश्रणाची तुलना शेजारीच दिसणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाशी करायची आणि दोन्ही जुळले की फटींची रुंदी मोजायची. तीन मूळ रंगांसाठी त्यांनी निवडलेले प्रकाश आजच्या मापात सुमारे ६३०, ५२८ आणि ४५७ नॅनोमीटर तरंगलांबीचे होते. अतिस्पष्ट टीव्हीसाठी २०१२ मध्ये ठरलेल्या बीटी.२०२० या आंतरराष्ट्रीय मानकातले मूळ रंग ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरचे आहेत.

पुढे लंडनमध्ये केन्सिंग्टन भागातील घराच्या पोटमाळ्यावर अशीच सुमारे आठ फुटी पेटी उभी राहिली. खिडकीशी ठेवलेल्या या पेटीत तासन्‌तास डोकावणारा प्राध्यापक पाहून, हा वेडा शवपेटीत काय पाहतो, असे शेजाऱ्यांना वाटे, असे चरित्रकार सांगतात.

कॅथरीन यांच्या डोळ्यांनी काय दाखवले?

१८६०च्या शोधनिबंधात निरीक्षकांच्या जागी दोन अक्षरे आहेत, जे आणि के. जे म्हणजे जेम्स, के म्हणजे कॅथरीन. पेटीला डोळा लावून रंग जुळले की नाहीत, हे ठरवण्याचे चिकाटीचे काम त्याही करत होत्या.

दोघांचे आकडे बरेचसे जुळले, पण पूर्ण नाही. विशेषतः निळसर हिरव्या भागात फरक पडत होता. मॅक्सवेल यांनी हा फरक चूक म्हणून झटकला नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी एक पिवळसर ठिपका असतो. तो निळ्या बाजूचा काही प्रकाश शोषतो आणि त्याची गडदता माणसागणिक बदलते. फरकाचे कारण त्यांनी तिथे शोधले. एकाच घरातील, एकाच पेटीत पाहणारी दोन निरोगी माणसेही रंग तंतोतंत सारखा पाहत नाहीत, हे यातून पुढे आले. मग मोजमापासाठी कुणाचा डोळा प्रमाण धरायचा? हा प्रश्न पुढे ७० वर्षे उरला.

रंगांवरील या कामासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १८६०चे रम्फर्ड पदक दिले. त्याच वर्षी ॲबर्डीनची दोन महाविद्यालये एकत्र करण्यात आली आणि मॅक्सवेल यांची जागा गेली. त्याच वर्षी त्यांना देवीचा गंभीर आजार झाला. कॅथरीन यांनी शुश्रूषा करून त्यांना वाचवले. त्यानंतर ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाले.

पहिले रंगीत छायाचित्र यशस्वी झाले ते नशिबाने?

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅक्सवेल यांनी तीन रंगांचा सिद्धान्त पडद्यावर दाखवला. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी चौकड्यांच्या रंगीत फितीची छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळी घेतली होती. तिन्ही प्रतिमा त्या त्या रंगाच्या प्रकाशाने एकाच जागी टाकल्यावर फीत रंगांत दिसली. रंगीत छायाचित्रणाची सुरुवात म्हणून हा दिवस ओळखला जातो.

पण त्या काळच्या काचपट्ट्यांवरील रसायन लाल प्रकाशाला प्रतिसादच देत नव्हते. मग लाल प्रतिमा आली कुठून? याचा उलगडा बरोबर १०० वर्षांनी, १९६१ मध्ये झाला. फितीतला लाल भाग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि लाल द्रावणातून ते किरण पार जात होते. काचपट्टीने टिपले ते हे किरण. सिद्धान्त बरोबर होता. प्रयोगाला मात्र योगायोगाचा हात लागला. डोळ्याला पटणारा रंग आणि उपकरणाने नोंदलेला प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

नंतर काय झाले?

पुढच्या काही वर्षांत मॅक्सवेल यांनी प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हे गणिताने मांडले. ते काम १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले. वायूंच्या रेणूंच्या गतीवरही त्यांनी मूलभूत संशोधन केले आणि त्या प्रयोगांतही कॅथरीन सोबत होत्या. १८७१ मध्ये ते केंब्रिजमध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आईला झालेला आजारही तोच. मॅक्सवेल यांचे वय होते ४८. दाम्पत्याला मूल नव्हते. १८८६ मध्ये कॅथरीन गेल्या. दोघांची समाधी ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गावी चर्चच्या आवारात आहे.

कुणाचा डोळा प्रमाण, हे कधी ठरले?

१९२०च्या दशकात विल्यम डेव्हिड राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ व्यक्तींवर इंग्लंडमध्ये रंग जुळवण्याचे प्रयोग केले. पद्धत मूळची मॅक्सवेल यांचीच. या १७ जणांच्या निरीक्षणांच्या सरासरीवरून सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये प्रमाण निरीक्षक ठरवला. हा कुणी माणूस नाही. ते आकड्यांचे कोष्टक आहे. ज्या बैठकीत ते स्वीकारले गेले, ती मॅक्सवेल यांच्या केंब्रिजमध्येच भरली होती आणि ते त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. आज कोणत्याही रंगाचे माप द्यायचे तर या कोष्टकाचा किंवा त्याच्या पुढच्या आवृत्तीचा आधार घेतला जातो.

पडद्याचे कॅलिब्रेशन म्हणजे काय?

कॅलिब्रेशन म्हणजे पडदा प्रत्यक्षात दाखवतो तो रंग मोजणे आणि ठरलेल्या मापाशी जुळवणे. ठरलेले माप म्हणजे मानक. संगणक आणि इंटरनेटसाठी सर्वाधिक वापरले जाणारे एसआरजीबी हे मानक एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ मध्ये मांडले. लाल, हिरवा, निळा नेमका कोणता, पांढरा किती पिवळट वा निळसर आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळपणा कसा वाढत जावा, हे त्यात ठरवून दिले आहे. पांढऱ्यासाठी सुमारे ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश धरतात.

मोजण्यासाठी छोटे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवतात. पडदा साधारण अर्धा तास आधी सुरू ठेवतात, म्हणजे त्याचा उजेड स्थिर होतो. मग सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे आणि राखाडी छटांचे चौकोन दाखवते आणि उपकरण प्रत्येकाचे आकडे नोंदवते. साध्या उपकरणात डोळ्याच्या तीन संवेदनांशी मिळतेजुळते गाळणी-काचांचे संवेदक असतात. महागडे उपकरण प्रकाशाचा वर्णपट उलगडून प्रत्येक तरंगलांबी मोजते. हे काम मॅक्सवेल यांच्या पेटीतला लोलक करत असे.

हवा तो रंग आणि दिसलेला रंग यांतले अंतर डेल्टा ई या आकड्यात सांगतात. तो साधारण १ असेल, तर फरक डोळ्याला जेमतेम कळतो. आकडा मोठा, तितकी चूक मोठी. या नोंदींवरून पडद्याची प्रोफाइल, म्हणजे दुरुस्तीची फाइल तयार होते. पडदा जुना होतो तसा त्याचा उजेड बदलतो, म्हणून हे काम अधूनमधून पुन्हा करावे लागते.

तरी प्रत्येक रंग पडद्यावर येतो का?

नाही. तीन मूळ रंग त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर मांडले, तर त्यांच्या मिश्रणातून त्रिकोणाच्या आतलेच रंग मिळतात. हा रंगांचा त्रिकोणही मॅक्सवेल यांनीच वापरात आणला. वर्णपटातले काही शुद्ध रंग तीन प्रकाशांच्या मिश्रणाने जुळत नाहीत. तिघांपैकी एक प्रकाश उलट बाजूला मिसळावा लागतो, हे त्यांच्या समीकरणांतही दिसते. पडदा उणे प्रकाश देऊ शकत नाही. त्यामुळे मोरपिसाची झळाळी कितीही महागड्या फोनवर पूर्ण उतरत नाही. नव्या पडद्यांचा त्रिकोण मोठा असतो, एवढाच फरक.

फोन वापरणाऱ्यांनी काय पाहावे?

रंग महत्त्वाचा असेल, तेव्हा फोनचा रात्रीचा पिवळट मोड बंद करावा. भडक रंगांऐवजी नैसर्गिक रंगांचा पर्याय निवडावा. उन्हात किंवा पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नये. एवढे करूनही साडीच्या रंगाची हमी मिळत नाही, कारण विक्रेत्याचा कॅमेरा, त्याच्या दुकानातला उजेड आणि छायाचित्रावर केलेले संस्कार ग्राहकाच्या हातात नसतात. दोन फोनवर दोन रंग दिसले, तर त्यातला अधिक आवडणारा तो खरा, असे नाही. मानकाच्या अधिक जवळचा कोणता, एवढेच मोजून सांगता येते. दगड निळा आहे हे कशावरून, या ग्लेनलेअरच्या मुलाच्या प्रश्नाला आज असे आकड्यांत उत्तर देता येते. एडिनबराच्या जॉर्ज स्ट्रीटवर २००८ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. पायाशी लाडका कुत्रा टोबी आहे आणि हातात रंगांची तीच चकती.